महानगराचं घर पाहायला गेलो तेव्हा

चार शहरं एकत्र शिवून त्यांचं एक महानगर करायचं, असा घाट आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात घातला गेला, तेव्हा त्या शिवणकामात मीही होतो. होतो म्हणजे काय, तर संगणकासमोर बसून नकाशात रंग भरत होतो. पिवळा म्हणजे राहती घरं, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती आणि जंगल. आमच्याकडे खाण संपते तिथे जंगल सुरू होतं आणि कधीकधी जंगल संपायच्या आधीच खाण सुरू होते, त्यामुळे हिरव्या-जांभळ्याचं भांडण मला रोज सोडवावं लागायचं. वाघाला मात्र रंग नव्हता. तो दोन्हीकडे फिरायचा. मी एकदा साहेबांना विचारलंही, तर ते म्हणाले, "वाघ हा जमिनीचा तात्पुरता वापर आहे, तो दाखवायचा नसतो."

साहेब पुण्याकडचे. एका खाजगी सल्लागार कंपनीचे. मी त्यांच्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर होतो. अकरा महिने संपले की घरी बसायचं, आणि त्यांची मर्जी झाली तर पुन्हा अकरा. गावात मात्र मी पक्का सरकारी साहेब होतो. असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी म्हटलं तर फक्त खोडून काढलं नव्हतं. नाही, लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला, दोन-तीनदा मी स्वतःच सांगितलं होतं. एकदा तर एका बारशात माइकवरून.

आमचं गाव त्या चारांपैकी दोन शहरांच्या बरोबर मधोमध. त्या दोन शहरांची नावं मी इथे घेणार नाही, कारण दोन्हीकडे आमच्या सोयरिकी आहेत आणि मला अजून बऱ्याच लग्नांत जेवायचं आहे. एक उत्तरेचं म्हणू, एक दक्षिणेचं. दोन्ही शहरांनी आपापल्या वाढीच्या आराखड्यात आमचं गाव ओढून घेतलं होतं. नकाशावर दोन्हीकडच्या रेघा आमच्या मारुतीच्या पारावर येऊन एकमेकींना धडकत होत्या.

एके दिवशी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "हे तुमचं गाव ना? मग ग्रामसभेचा ठराव आणा. कोणत्या शहराच्या क्षेत्रात जायचं, ते त्यांनाच ठरवू दे. लोकसहभाग." मी हो म्हणून वळलो तर मागून म्हणाले, "तुमचा करारही याच महिन्यात संपतोय, नाही का?" या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत. पण मी शाळेत गणितात कितीही कच्चा असलो, तरी ही बेरीज मला जमली. ठराव आला तर मी राहणार, नाही आला तर जाणार.

मला काळजी वाटली नाही, कारण सरपंच माझी काकू होती. आई मला आठवतच नाही. मला वाढवलं काकूनेच. महिलांचं आरक्षण लागलं तेव्हा गावाने तिला खुर्चीवर बसवलं, कारण ती कमी बोलते आणि सगळ्यांचं ऐकून घेते असा गावाचा समज होता. पहिले सहा महिने ती ग्रामसेवक बोट ठेवेल तिथे सही करत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "आधी वाचून दाखवा." तेव्हापासून ग्रामसेवक आमच्या गावात येताना रजेचा अर्ज खिशात घेऊन येतो.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी फळ्यावर नकाशा लावला, घसा साफ केला आणि मेट्रोपॉलिटन, कॉरिडॉर, विकास केंद्र असे शब्द एकामागून एक सोडले. लोक शांत बसले होते. मला वाटलं, भारावले. मग आबाजी उठले. आबाजी म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या सोयरिकी जुळवलेला म्हातारा. त्यांनी नकाशाला नाक लावलं.

"आपला गाव कोनता?"

मी दाखवला.

"हा पिवळा?"

"हो आबाजी. पिवळा म्हणजे राहायची वस्ती. पुढे इथे कॉलन्या होतील."

आबाजी मागे वळले आणि सभेला म्हणाले, "पाहा. हळद लावून मोकळे झाले. पोरीच्या बापाले कोनी इचारलं नाई."

व्हरांडा हसून हसून लोळला. मीही हसलो, कारण साहेब मोठ्या मनाचा असावा लागतो. पण ते हसणं तिथेच संपलं नाही, हीच सगळी पंचाईत झाली. काकू हसली नव्हती. ती खुर्चीवरून म्हणाली, "आबाजी बराबर बोलून राह्यले. दोन-दोन स्थळं सांगून आली आहेत. मंग घर पाह्यल्याशिवाय हो कसं म्हनाचं?"

आमच्याकडे रीत अशी आहे. मुलीला मागणी आली की मुलीकडची शहाणी माणसं मुलाचं घर पाहायला जातात. पाहुणचार घेतात, पण डोळे उघडे ठेवून. विहीर पाहतात, गोठा पाहतात, मागच्या दाराने बाहेर पडून उकिरडा कुठे आहे तेही पाहतात. हो किंवा नाही हे घरी परतल्यावर ठरतं. मी सभेला समजावलं की ही सोयरीक नाही, प्रादेशिक नियोजन आहे. आबाजी म्हणाले, "पोरगी एकदा गेली की वापस येते का?" मी म्हटलं, नाही, एकदा गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत संपते. "मंग सोयरीकच आहे," ते म्हणाले, आणि विषय संपला.

घर पाहायला जायचं ठरलं तिघांचं. काकू, आबाजी आणि गावाची ढोरं चारणारा ढोरकी. ढोरकी कशाला, असं मी विचारलं तर काकू म्हणाली, "गोठा पाह्याले. तुले समजते का ढोरातलं?" घर पाहायला विषम संख्येनेच जायचं असतं. माझ्यामुळे चार होत होते, म्हणून मला मध्यस्थ ठरवण्यात आलं. मध्यस्थाला मोजत नाहीत.

आम्ही फाट्यावरून लाल एसटी धरली आणि आधी उत्तरेच्या शहरात गेलो. मी तिथल्या एका अधिकाऱ्याला फोन करून ठेवला होता, तरी आम्हाला एका बाकावर बराच वेळ बसवून ठेवलं. आबाजी मांडी घालून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहत राहिले. अर्ध्या तासाने ते काकूच्या कानात म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या जोरात, "पानी नाई इचारलं अजून." काकूने मान हलवली. तिकडे कोपऱ्यात थंड पाण्याचं मशीन होतं, मी धावत जाऊन तीन ग्लास आणले. आबाजी म्हणाले, "तू काऊन आनतं बाप्पा? तू तं आमचाच आहे."

शेवटी अधिकारी भेटला. त्याने भिंतीवरचा आराखडा दाखवला. त्यात बाग होती, बागेत कारंजं होतं आणि कारंज्याशेजारी एक गोरं जोडपं कुत्रा घेऊन फिरत होतं. ढोरकी त्या कुत्र्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आपल्याकडं हा बिबट्यापुढं एक रात नाई टिकत." अधिकारी हसला. मग काकूने पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"तुमच्या घरी आधी आलेली सून कुठी आहे?"

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिचं म्हणणं इतकंच होतं की या शहराने याआधी जे गाव पोटात घेतलं, ते दाखवा. घर पाहायला गेलं की थोरल्या सुनेशी दोन शब्द बोलायचेच असतात, आणि तेही सासूच्या माघारी.

ते गाव शहराच्या कडेलाच होतं. आता वॉर्ड झालं होतं. अधिकाऱ्याने एक शिपाई सोबत दिला, पण आबाजींनी त्याला चहाच्या टपरीवर बसवून दिलं आणि काकू एकटीच एका अंगणात शिरली. तिथे चार बायका लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी दूर उभा होतो. तासाभराने काकू बाहेर आली ती पदराने डोळे पुसत आणि हसत. त्या बायकांनी सांगितलं होतं की पाटी बदलली, घराला नवा नंबर मिळाला, आणि जंगलातून सरपण आणायचा, औताला लाकूड तोडायचा, ढोरं चारायचा जो निस्तार हक्क होता तो विचारायला गेलं की आता म्हणतात, तुम्ही शहरातले, तुम्हाला जंगल कशाला? अन् नळाचं विचारलं तर म्हणतात, तुमचा भाग अजून खेड्यात आहे.

"मंग हसून काऊन राह्यली?" ढोरकीने विचारलं.

"त्या मले म्हनल्या, बाई, तुमचा गाव द्या ना इथी. आमाले सोबत होईल."

दुसऱ्या आठवड्यात दक्षिणेचं शहर. इथे मी आधीच बजावून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही पोचताच पाणी, मग पोहे, मग चहा, मग काकूला शाल आणि नारळ. फोटो काढला. अधिकारी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होता. बस स्टॉप? तुम्ही म्हणाल तसं. गावाची स्मशानभूमी? तुम्ही म्हणाल तसं. मला वाटलं, सुटलो. जमलं. करार माझ्या खिशात पडल्यासारखा वाटू लागला. पण आबाजींनी दुसरी पोह्यांची बशी परत केली, आणि आबाजी पोहे परत करतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "इतकी खातिरदारी म्हंजे पोरात खोट आहे."

इथली आधीची सून सापडेचना. गावाचं नाव सांगितलं तर ऑटोवाला म्हणाला, असं गावच नाही. दुकानदार म्हणाला, वॉर्ड नंबर सांगा. ज्या अधिकाऱ्याने पोहे दिले होते, तो म्हणाला, "ते बहुतेक पूर्वी असावं." एक शाल, एक नारळ आणि तीन माणसं घेऊन मी उन्हात वणवण करत होतो, आणि माझं डोकं तापलं होतं. एक गाव कसं काय हरवतं? नकाशावर तर मी त्याला स्वतः पिवळा रंग दिला होता.

ते ढोरकीने शोधून काढलं. एका मोठ्या दुकानांच्या इमारतीसमोर गाड्या लावायची जागा होती. तिथे मोटारसायकलींच्या रांगेत सात-आठ गाई उभ्या होत्या. चरत नव्हत्या, कुठे जात नव्हत्या. रखवालदार त्यांना काठीने हाकलायचा, त्या रस्त्यापर्यंत जायच्या आणि वळून पुन्हा तिथेच येऊन उभ्या राहायच्या. ढोरकी थांबला. म्हणाला, "हे आखर होतं."

आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी घराघरातून ढोरं सुटतात आणि तिथे जमतात, मग ढोरकी त्यांना जंगलाकडे नेतो. त्या गाई कोणाची तरी वाट पाहत होत्या. ढोरकीने जवळ जाऊन एकीच्या मानेवर हात ठेवला, तोंडाने नेहमीसारखा आवाज काढला, आणि बाप्पा, सगळ्या गाई त्याच्या मागे चालू लागल्या. भर बाजारातून. आम्ही पुढे, ढोरकी मधे, गाई मागे, त्यांच्यामागे हॉर्न. त्याला त्यांना परत फिरवावं लागलं, आणि ते त्याला लवकर जमलं नाही. एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. मला वाईट वाटत होतं, अगदी खरं सांगतो, पण त्यात अर्धं वाईट गाईंसाठी होतं आणि अर्धं माझ्या करारासाठी.

ठरावाची सभा दुसऱ्या दिवशी होती. सकाळी काकू अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी बाजूला चहा घेऊन बसलो होतो आणि विषय कसा काढावा ते मनात जुळवत होतो. काकूला खरं सांगायचं होतं. काकू, मी पक्का नाही. ठराव नाही गेला तर मी घरी बसेन. बस्स, दोनच वाक्यं. तेवढ्यात तिनेच विचारलं.

"एक सांग. आपन नाई म्हनलं तं तुह्या नोकरीले काई होईल का?"

देवाने आयती संधी दिली होती. मी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी आमची गाय सोडायला ढोरकी अंगणात आला आणि थांबून ऐकू लागला. त्याच्यामागून आबाजी आले, तेही थांबले. कुंपणापलीकडून शेजारीण मान वर करून उभी राहिली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते हे: "मले कोन काढते? मी पक्का मानूस आहे. तुमी गावाचं पाहा, माह्यं पाहू नका."

काकू माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पक्कं ना?" मी म्हणालो, "पक्कं." आणि चहाचा एवढा मोठा घोट घेतला की जीभ भाजली.

आमच्याकडे आलेल्या स्थळाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्याचीही रीत आहे. सभेत आबाजी ठराव सांगू लागले आणि ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, असा ठराव कोणत्याच नमुन्यात बसत नाही, मी लिहिणार नाही. अक्षर बरं असलेला दुसरा माणूस सभेत मीच होतो. तेव्हा मी लिहिलं: "दोन्ही स्थळे उत्तम आहेत. घरदार, माणसे, पाहुणचार, कशातही खोट नाही. परंतु आमचे गाव वयाने अद्याप लहान असून त्यास शहराच्या घरकामाची सवय नाही. सबब यंदा योग नाही. पुढेमागे आधीच्या सुना सुखात दिसल्यास ही सभा आनंदाने पुन्हा बसेल." खाली काकूने सही केली. तिची सही हल्ली चांगली वळणदार येते.

साहेबांनी तो ठराव दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"हे नेमकं हो आहे की नाही?"

"नाही, सर."

"पण नाही असं कुठे लिहिलंय?"

"आमच्याकडे तसं लिहीत नाहीत, सर."

"अक्षर छान आहे. कोणाचं?"

मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून तो फाइलीत ठेवला. महिनाअखेरीस मला कंपनीचं पत्र मिळालं. माझं काम उत्तम होतं, वागणूक चांगली होती, माझ्याविषयी कंपनीला आदर होता, परंतु तूर्तास करार वाढवण्याचा योग दिसत नव्हता, पुढेमागे गरज भासल्यास जरूर कळवण्यात येणार होतं. ते वाचून मला हसू आलं. रीत पुण्याकडेही हीच असावी.

दुपारी घरी आलो. काकूने ताट वाढलं, भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. मी तिला काय सांगायचं, रजा म्हणायचं की बदली, ते घासागणिक ठरवत होतो. ती समोर बसली.

"गेली ना नोकरी?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुह्या हापिसच्या चपराशाची बायको आपल्या गावची पोरगी आहे," काकू म्हणाली. "तू लागला त्याच महिन्यात तिनं सांगतलं, का तू ठेक्यावर आहे म्हनून. साऱ्या गावाले मालूम आहे."

"साऱ्या गावाले?"

"हो. आबाजीले, ढोरक्याले. बारशात तू माइकवर बोल्ला, तवाही मालूम होतं."

"मंग मले साहेब काऊन म्हन्ते?"

"तुले बरं वाटते म्हनून."

तिने पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "त्या दिवशी अंगनात मी तुले काऊन इचारलं? तू 'होईल' म्हनला असता तं मी सही केली असती. दक्षिनेच्या शहराले गाव देऊन टाकला असता. तुह्यासाठी केलं असतं मी. आबाजीनं बी हो म्हनलं होतं, ढोरक्यानं बी. आमी रातीच ठरवलं होतं. आमाले फक्त तुह्या तोंडून आयकाचं होतं." तिने डोळ्यांना पदर लावला. "पन तू गावाचं पाहा म्हनला. आईचं नाव काढलं लेका तू."

आता गावात कोणी मला साहेब म्हणत नाही. नावाने हाक मारतात, आणि पारावर गेलो की आबाजी सरकून जागा देतात. गावासाठी नोकरी सोडलेला माणूस, अशी माझी ओळख ढोरकी परक्यांना करून देतो. मी अजून एकदाही खोडून काढलेलं नाही. त्या दिवशी काकू डोळे पुसत माझ्याकडे पाहत होती आणि खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "वरण वाढ."